मागच्या मालकाचे कंपोस्टचे डबे: ठेवायचे की फेकायचे?

पत्र थोडक्यात असं: एका वाचकांनी नुकतंच एक जुनं घर घेतलं. मागे बाग आहे आणि बागेच्या कोपऱ्यात कंपोस्टचे दोन काळे प्लास्टिकचे डबे आणि फळ्या ठोकून केलेला एक लाकडी कप्पा आहे. घर वर्षभर बंद होतं. एका डब्यात अर्ध्यापर्यंत काळपट, कोरडा माल आहे. दुसरा काठोकाठ भरलाय आणि झाकण उघडलं की घाण वास येतो. लाकडी कप्प्यावर गवत माजलंय. जोडीदाराचं म्हणणं, कुणी काय टाकलंय देव जाणे, सगळं उचलून फेकून द्या. वाचकांना मात्र वाटतं की एवढं जुनं म्हणजे आयतं खत झालेलं असणार. ते भाजीच्या वाफ्यात पसरावं आणि डबे लगेच वापरात घ्यावेत. उंदरांची धास्ती आहे. आधीच्या मालकांचा नंबर आहे, पण कचऱ्यासाठी काय फोन करायचा, म्हणून केलेला नाही. शेवटी एक शंका: डब्यांना तळच नाही, ते तुटलेत की काय?

—

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती सोपी आहे. डबे तुटलेले नाहीत. या प्रकारच्या डब्यांना तळ नसतोच. ते थेट मातीवर ठेवायचे असतात, म्हणजे जास्तीचं पाणी खाली मुरतं आणि गांडुळं खालून वर येतात.

आता मुख्य गोष्ट. तुमचं आणि जोडीदाराचं भांडण दिसायला उलट बाजूंचं आहे, पण दोघांचा आधार एकच: माल जुना आहे. एकाला जुना म्हणजे घाण वाटतो, दुसऱ्याला जुना म्हणजे तयार. कंपोस्टच्या बाबतीत वय फारसं काही सांगत नाही. कोरडा पडलेला ढीग दोन-तीन वर्षं जवळपास आहे तसाच राहतो, कारण जिवाणूंना पाणीच मिळत नाही. गच्च दाबलेला ओला ढीग नुसता सडतो, खत होत नाही. उलट हवा-पाणी नीट मिळालेला ढीग सहा महिन्यांतही तयार होऊ शकतो. शिवाय तुम्ही दोघं डबा आणि डब्यातला माल यांचा एकत्रच निकाल लावताय. माल टाकाऊ निघाला तरी डबा उत्तम असू शकतो, आणि डबा मोडका निघाला तरी आतला माल कामाचा असू शकतो. दोन्ही वेगवेगळे तपासा.

फावडं उचलायच्या आधी तो फोन करा. संकोच वाटतो हे कळतं, पण पाच मिनिटांच्या बोलण्याने महिनाभराची शंका मिटते. चारच गोष्टी विचारायच्या. मांजर-कुत्र्याची घाण किंवा मांजराची वाळू यात टाकत होता का? हिरवळीवर रुंद पानांचं तण मारायचं औषध फवारलं होतं का, किंवा बाहेरून शेणखत, घोड्याची लीद, वाळलेलं गवत आणलं होतं का? राख टाकली असेल तर ती कशाची: साध्या लाकडाची, कोळशाची की रंगवलेल्या फळ्यांची? आणि शेवटची भर कधी घातली?

पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर तो माल खाण्याच्या कुठल्याही रोपाला घालू नका. मांजराच्या विष्ठेतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी ओलसर मातीत वर्षभर आणि त्याहूनही जास्त टिकतो, कुत्र्याच्या जंतांची अंडी तर काही वर्षं. फुलझाडांच्या आणि कुंपणाच्या झुडपांच्या बुडाशी तो चालेल, मात्र हाताळताना हातमोजे हवेतच. घरात कुणी गरोदर असेल तर त्या व्यक्तीने या कामापासून लांब राहावं. कोळशाची किंवा रंगवलेल्या लाकडाची राख पडली असेल, तर तोही माल भाजीला नको.

दुसऱ्या प्रश्नामागचं कारण थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकांच्या ते गावीच नसतं. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही दोन तणनाशकं गवताला काही करत नाहीत, पण ती गवतातच राहतात. ते गवत जनावराने खाल्लं की शेणातून बाहेर येतात, आणि कंपोस्ट झाल्यावरही पुरती नष्ट होत नाहीत. अब्जात काही भाग एवढं प्रमाणही टोमॅटो आणि शेंगावर्गीय रोपांना वाकडं करायला पुरतं. २००८ साली ब्रिटनमध्ये असल्या शेणखतामुळे इतक्या परसबागांचं नुकसान झालं की अमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवावी लागली. नुसत्या डोळ्याला किंवा नाकाला हे कळत नाही. त्याची चाचणी पुढे सांगते. फोनवर आठवत नाही असं उत्तर आलं तरी ती चाचणी कराच.

आता उंदीर. आहेत असं धरून चालू नका आणि नाहीत असंही नको. डब्याच्या बुडाशी किंवा आजूबाजूला बिळं दिसली तर प्रत्येकाच्या तोंडात चुरगळलेला कागद सैलसर कोंबा. दोन दिवसांत कागद बाहेर ढकललेला दिसला तर बीळ वापरात आहे, जागचा हलला नाही तर ते जुनं आहे. वापरात असेल तर लगेच ढीग उपसू नका. आठवडाभर रोज डब्याला चार धपाटे घाला, दाताळ्याने वरचा थर हलवा, पाणी शिंपडा. सतत त्रास होणारी ओली जागा उंदरांना नको असते, ते आपणहून निघतात. कंपोस्टमध्ये विष ठेवू नका. ते खतात मिसळतं, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन दुसरा प्राणीही मरतो.

उंदरांशिवाय इतरही बिऱ्हाडं असतात. उबदार ढिगात साप अंडी घालतात, गांधीलमाश्या आणि मधमाश्या घर करतात, गोमी आणि विंचू झाकणाखाली बसतात. म्हणून पहिल्या दिवशी फक्त झाकण काठीने उघडा आणि बाजूला व्हा. ये-जा करणाऱ्या माश्या दिसल्या किंवा सापाची अंडी सापडली, तर तो डबा बंद करून महिना-दोन महिने विसरून जा. सापच दिसला तर साप पकडणाऱ्या जाणकाराला बोलवा.

उपसायच्या दिवशी जाड हातमोजे, बंद बूट आणि एन-९५ मास्क घाला. मास्क वासासाठी नाही. कोरडं जुनं कंपोस्ट ढवळलं की ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू धुरासारखे उडतात, आणि कंपोस्टमधल्या लेजिओनेला लाँगबीची या जिवाणूमुळे न्यूमोनिया झाल्याची उदाहरणं आहेत. उपसण्याआधी माल झारीने ओलसर करून घ्या, म्हणजे धूळ उडत नाही. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात लावू नका. दम्याचा त्रास असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

अर्ध्या भरलेल्या डब्यापासून सुरुवात करा. आतला माल फावड्याने काढत बसू नका. दोघांनी दोन बाजूंनी डबा धरा, जरा हलवून मोकळा करा आणि सरळ वर उचला. डबा वरती निमुळता असल्यामुळे तो सहज सुटतो आणि ढीग जागेवर उभा राहतो. मग फावड्याने त्याचा एका बाजूचा काप काढा. आता सगळा इतिहास समोर दिसतो: वर ओळखू येणारी पानं आणि काड्या, मध्ये तपकिरी चुरा, तळाशी काळसर भुसभुशीत थर. बाजूला एक ताडपत्री अंथरून तीन ढीग करा: तयार, कच्चं आणि फेकायचं. फेकायच्या ढिगात प्लास्टिक, काच, तारा, फळांवरचे स्टिकर, जाड हाडं जातील. काचेचे तुकडे खूप निघाले तर तो माल भाजीच्या वाफ्यात नकोच. तिथे आपण हात घालून काम करतो.

तयार कंपोस्टला मुरलेल्या मातीचा वास येतो आणि मूळ वस्तू ओळखू येत नाही. ओलावा बघायचा तर मूठभर घेऊन जोरात दाबा. एक-दोन थेंब पाणी निघून गोळा टिकला तर योग्य. धार लागली तर जास्त ओलं, गोळा न होता सुटलं तर कोरडं. तुमच्या वर्णनावरून पहिला डबा कोरडा आहे, आणि त्यात मुंग्या असतील तर ती खात्रीच समजा. मुंग्या कोरड्या ढिगातच घर करतात. असा वाळून पावडर झालेला माल एकदम पाणी ओतलं तर भिजत नाही. पाणी वरून घसरून जातं आणि आत सगळं कोरडंच राहतं. तो ताडपत्रीवर चार-पाच इंचाच्या थरात पसरा, झारीने शिंपडा, उलथा, पुन्हा शिंपडा. रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी पुन्हा मूठ दाबून बघा.

तळाशी बारीक मुळांचं जाळं दिसेल, अगदी पायपुसण्यासारखं विणलेलं. शेजारच्या झाडाने खालून मुळं घालून आयतं जेवण मिळवलंय. अशा थरात अन्नद्रव्यं कमी उरलेली असतात, पण माती भुसभुशीत करायला तो अजूनही चांगला आहे. मुळं झटकून माल वापरा.

पांढऱ्या लठ्ठ अळ्या निघाल्या की बरेच जण हुमणी समजून सगळं खत जाळायला निघतात. जरा थांबा. एक अळी सपाट फळीवर ठेवून बघा. ती पाठीवर उताणी होऊन सरपटत पुढे गेली, तर ती फुलांवर बसणाऱ्या भुंग्याची अळी आहे. ती कुजलेलं खाते आणि खत करायला मदतच करते. तिला परत ढिगात सोडा. पायांवर चालायचा प्रयत्न करणारी किंवा कुशीवर वळून पडून राहणारी असेल, तर ती मुळं खाणारी असू शकते, वेचून काढा. चपट्या, खरबरीत, करड्या-तपकिरी अळ्यांचा बुजबुजाट असेल तर त्या काळ्या सैनिक माशीच्या असण्याची शक्यता जास्त. त्या निरुपद्रवी असतात आणि ओला कचरा झपाट्याने संपवतात.

आता वास येणारा डबा. वास कसला आहे ते आधी ठरवा. सडक्या अंड्यासारखा किंवा गटारासारखा असेल तर आत हवा नाही. डोळ्यात झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर गवताचं किंवा स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं प्रमाण जास्त झालंय. उपाय दोन्हीला जवळपास एकच. डबा उचला, माल पसरून मोकळा करा आणि एक बादली ओल्या मालाला दोन बादल्या कोरडा पालापाचोळा किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळून परत भरा. सोबत बोटाएवढ्या लांबीच्या काटक्या हव्यात, कारण हवेच्या वाटा काटक्यांमुळे टिकतात. नुसता लाकडाचा बारीक भुसा घालू नका. त्यात नत्र जवळजवळ नसतंच आणि ओला झाला की तो चिखलासारखा बसतो. पहिले दोन-तीन दिवस वास वाढेल. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. दर आठवड्याला एकदा उलथलंत तर तीनेक आठवड्यांत वास जायला हवा. नाहीच गेला तर कोरडं अजून कमी पडतंय.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘कंपोस्ट गरम होतं, त्यात तणाचं बी आणि रोग मरतात’ हे वाक्य खरं आहे, पण मोठ्या ढिगाबद्दल. ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापमान सलग काही दिवस टिकायला साधारण एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, माल एकदम लागतो. तुमचे डबे दोनशे ते तीनशे लिटरचे असतील. ते थोडं थोडं भरत गेल्यावर क्वचितच तेवढे तापतात. म्हणजे मागच्या मालकाने तण बियांसकट टाकलं असेल तर त्यातलं बरंच बी अजून जिवंत आहे. तयार माल वाफ्यात पसरायच्या आधी एका पसरट कुंडीत भरून ओला ठेवा आणि दोन आठवड्यांत काय उगवतं ते बघा. जंगल उगवलं तर तो माल वर न पसरता खड्ड्यात खोल, रोपाच्या मुळाखाली घाला.

लाकडी कप्प्यावरचं गवत नुसतं उपटून पुन्हा ढिगात टाकू नका. हरळीचा बोटभर तुकडाही पुन्हा फुटतो. ती मुळांसकट झटकून काढा, फरशीवर उन्हात कडकडीत मोडेपर्यंत वाळवा आणि मगच ढिगात घाला. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी दिसल्या तर त्या सरळ बाहेरचा रस्ता दाखवायच्या. त्यांच्यावर प्रयोग करत बसण्यात अर्थ नाही.

आता ती तणनाशकाची चाचणी. तयार वाटणाऱ्या मालाच्या पाच-सहा वेगवेगळ्या जागांमधून मूठ-मूठ घ्या आणि एकत्र करा. एकाच जागेचा नमुना फसवतो. भोकं असलेल्या सहा छोट्या कुंड्या घ्या. तीन कुंड्यांत हा माल आणि खात्रीचं कुंडी मिश्रण अर्धं-अर्धं, उरलेल्या तिघांत नुसतं कुंडी मिश्रण. प्रत्येकीखाली वेगळी ताटली ठेवा, नाहीतर एकीचं पाणी दुसरीत जाऊन चाचणी वाया जाते. प्रत्येक कुंडीत वाटाण्याचे किंवा घेवड्याचे तीन दाणे पेरा आणि तीन आठवडे बघा. बीजदलं, म्हणजे बीतूनच येणारी पहिली पानं, सोडा; त्यानंतरची पानं महत्त्वाची. ती वाटीसारखी आत वळली, नेच्यासारखी चिंचोळी झाली, देठ पिळवटले आणि साध्या मिश्रणातली रोपं मात्र सरळ राहिली, तर तणनाशक आहे. तो माल भाजीला किंवा फुलझाडांना नको. हिरवळीवर पातळ पसरता येतो, मात्र त्या हिरवळीचं कापलेलं गवत पुढे वर्षभर तरी कंपोस्टमध्ये टाकायचं नाही. रोपं सरळ पण पिवळी, खुरटी असतील तर बहुधा माल कच्चा आहे. त्याला आणखी दोन महिने द्या आणि पुन्हा पेरा.

पहिल्याच फेरीत सगळी रोपं सगळीकडेच मेली, तर पाणी जास्त झालंय किंवा बी खराब आहे. त्यावरून कंपोस्टबद्दल काहीच ठरवू नका.

डब्यांकडे वळू. प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं. झाकणाची कड अंगठ्याने वाकवा. वाकून परत आली तर डबा अजून बरीच वर्षं काढेल. पांढरी रेघ उमटून कड् आवाज झाला किंवा टवका निघाला तर तो डबा निवृत्त करा, कारण पुढे त्याचेच कण खतात मिसळत राहतील. अशा डब्यावर त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असेल तर भंगारात त्याचा पुनर्वापर होतो. एखादी चीर असेल तर बाहेरून पट्टा आवळून काम भागतं. खालचं सरकतं दार हरवलं असेल तर तिथे फळी टेकवून वीट लावा. उंदरांची पहिली वाट तीच. डबा आतून पाणी आणि ब्रशने धुवा. जंतुनाशकाची गरज नाही. रोगट झाडं पडली होती असं कळलं तर दिवसभर कडक उन्हात उलटा ठेवा. एक अपवाद: तो मुळात रसायनाचा ड्रम कापून केलेला असेल आणि आत काय होतं ते कळत नसेल, तर तो ठेवू नका.

पुन्हा बसवताना खाली जाळी घाला. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी नको. तिची भोकं मोठी असतात आणि तार पातळ. उंदराचं पिल्लू १२-१३ मिलिमीटरच्या फटीतून सहज जातं. ६ मिलिमीटर भोकांची, जस्त चढवलेली, वेल्ड केलेली चौकोनी जाळी घ्या. ती डब्याच्या बुडापेक्षा चहूबाजूंनी १५ सेंटिमीटर मोठी कापा, कडा वर दुमडा आणि तारेने डब्याला बांधा. गांडुळं यातून आरामात ये-जा करतात. जागा सपाट, मातीची, अर्धवट सावलीची हवी आणि भिंतीपासून फूटभर लांब, कारण उंदीर भिंतीला धरून धावतात.

लाकडी कप्प्याबद्दल जास्त सावध राहा. जुन्या फळ्यांवर हिरवट झाक असेल तर त्यांना तांब्याचं रसायन पाजलेलं असू शकतं. जुन्या मालात त्याच्याबरोबर क्रोमियम आणि आर्सेनिकही असायचं. अनेक देशांनी २००३-०४ च्या सुमारास घरगुती वापरासाठी ते थांबवलं, पण फळ्या त्याआधीच्या असू शकतात. डांबराचा वास येणारे रेल्वेचे स्लीपर आणि जुन्या रंगाचे पोपडे निघणाऱ्या फळ्याही नकोत. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. असलं लाकूड काढून टाका आणि काही झालं तरी जाळू नका, राख आणि धूर लाकडापेक्षा वाईट. मालवाहू पॅलेटच्या फळ्या असतील तर छाप शोधा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल; ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते टाळा. साधं कोरं लाकूड नुसतं तळाशी कुजलं असेल तर खालची फळी बदला. हा कप्पा मीटरभर लांब-रुंद-उंच असेल तर तीनही जागांमधली हीच सर्वात मोलाची, कारण खरोखर तापणारा ढीग इथेच होईल.

‘डबे लगेच वापरात घ्यायचे’ या तुमच्या बेताला मात्र एक अट आहे. जुन्या ढिगावर रोज नवा कचरा टाकत राहिलात तर तो कधीच तयार होत नाही. वरचं ताजं खाली जात राहतं आणि काढायला गेलं की सगळं अर्धवट. म्हणून दोन डब्यांची वाटणी करा. वासाचा सुधारलेला माल एका डब्यात भरून बंद, त्यात भर नाही. दुसरा डबा रिकामा करून नव्या कचऱ्यासाठी घ्या: तळाला १५ सेंटिमीटर काटक्या, त्यावर पहिल्या डब्यातलं एक-दोन घमेली कच्चं कंपोस्ट विरजणासारखं, आणि मग प्रत्येक बादली ओल्या कचऱ्यावर दोन बादल्या सुकं. शिजलेलं, तेलकट, मांस-मासे नकोत. सुका पालापाचोळा डब्याशेजारी गोणीत भरून ठेवा. हाताशी नसला की तो घालायचा राहतो, आणि तुमच्या वास येणाऱ्या डब्याचं बहुधा असंच झालं असावं.

आयत्या खताचा अंदाज जरा खाली आणा. अर्ध्या भरलेल्या डब्यातून चाळणीखाली घमेल्याने मोजण्याइतकंच निघेल; १२ मिलिमीटरच्या जाळीने चाळा आणि वर राहिलेलं पुन्हा ढिगात टाका. चाचणी नीट पार पडली तर वाफ्यावर दोन-तीन सेंटिमीटरचा थर पुरे, कुंडीत एकूण मिश्रणाच्या पावपट. पेरणी अगदी तोंडावर असेल तर या हंगामात भाजीला खात्रीचं खत आणा आणि हे चाचणी पार पडल्यावर फुलझाडांना घाला. वासाचा डबा उलथत राहिलात तर चार-सहा महिन्यांत चाळायला येईल.